विजेचं बिल आणि एका कराराची गोष्ट



आजचा लेख जरा मोठा झालाय, पण चहा घेत वाचलात तरी चालेल. विषय आहे वीज. स्विच दाबला की येते ती वीज नव्हे, कागदावर ठरते ती.

सुरुवात वर्गातल्या एका प्रश्नापासून झाली. सातवीच्या मुलांना मी घरचं वीजबिल घेऊन यायला सांगितलं होतं. गणिताचा तास होता, अपूर्णांक आणि भागाकाराचा सराव द्यायचा होता, एवढाच हेतू. एक मुलगा बिल पुढे धरून म्हणाला, "बाई, मे महिन्यात आम्ही सगळी मुंबईला काकाकडे होतो. घराला कुलूप होतं. फ्रीजसुद्धा बंद. तरी बिल कसं आलं?"

मी बिल पाहिलं. त्यात 'स्थिर आकार' असं एक खातं असतं. आपण एक युनिटही वापरलं नाही तरी तो द्यावाच लागतो. मी त्याला सांगितलं, "तार, खांब, मीटर, माणसं हे सगळं तुझ्यासाठी तयार ठेवलेलं असतं ना, त्याचे हे पैसे." मुलगा गप्प बसला, पण त्याला पटलेलं नव्हतं. "न वापरलेल्याचे पैसे?" असं तो शेजारच्याला म्हणाला, ते मला ऐकू आलं.

न वापरलेल्याचे पैसे. आमची शाळा आहे गुहागर तालुक्यात. हे तीन शब्द ज्या तालुक्यात एकेकाळी जगभर गाजले, त्याच तालुक्यातल्या मुलाने ते नकळत उच्चारले होते. अपूर्णांक बाजूला राहिले आणि आम्ही पुढचे दोन आठवडे एन्रॉनच्या मागे लागलो.

आधी माझ्याबद्दल थोडं सांगते, कारण त्याचा संबंध आहे. मी मूळची चंद्रपूर जिल्ह्यातली. नोकरीची ऑर्डर रत्नागिरीची आली म्हणून कोकणात आले. आमच्या गावातून रात्री वीजकेंद्राचे लाल दिवे दिसायचे. चंद्रपूरचं औष्णिक वीजकेंद्र म्हणजे तेव्हा २३४० मेगावॅट, राज्यातलं सगळ्यांत मोठं. आणि माझ्या दहावी-अकरावीच्या वर्षांत, म्हणजे २००५ च्या आसपास, गावात भारनियमन एवढं होतं की वीज असतानाचे तास मोजणं सोपं जायचं. लांब वीजकेंद्राच्या चिमण्या आणि घरात रॉकेलची चिमणी. तेव्हा आम्ही एवढंच म्हणायचो, "आपल्याकडची वीज मुंबईला नेतात." त्याच वर्षांत कोकणात समुद्रकाठी २००० मेगावॅटच्या वरचा एक प्रकल्प पूर्ण बंद पडून होता, हे मला इथे बदली होऊन आल्यावर कळलं. खरं सांगते, राग आला. मग वाचायला लागले.

नकाशापासून सुरुवात करा. 'दाभोळ प्रकल्प' हे नाव मुलांना फसवतं. दाभोळ हे बंदराचं गाव दापोली तालुक्यात, वाशिष्ठीच्या खाडीच्या उत्तरेला. प्रकल्प आहे खाडीच्या दक्षिणेला, गुहागर तालुक्यात, अंजनवेल-वेलदूरच्या पठारावर. धोपाव्याहून फेरीबोटीने पलीकडे दाभोळला जाता येतं. जवळच गोपाळगड. जागा का निवडली असेल, हे मुलांना विचारा. आमच्या मुलांनी लगेच सांगितलं की खोल पाणी, मोठी जहाजं लागायला सोय. बरोबर. हा प्रकल्प कोळशावर नव्हता, तर परदेशातून जहाजाने येणाऱ्या द्रवरूप नैसर्गिक वायूवर चालायचा होता. इंधन डॉलरमध्ये विकत घ्यायचं होतं, ही गोष्ट इथेच फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवा. पुढे लागेल.

आता काळ. १९९१. देशाची परकीय गंगाजळी आटलेली, सोनं गहाण पडलेलं. नव्या आर्थिक धोरणात वीजनिर्मितीचं क्षेत्र खासगी आणि परदेशी कंपन्यांना खुलं झालं. त्यासाठी १९४८ च्या वीजपुरवठा कायद्यात बदल केला गेला. कंपन्यांना गुंतवलेल्या भांडवलावर १६ टक्के परतावा मिळेल अशी दरपद्धत ठरली. म्हणजे पाहा, कारखाना उभा राहण्याच्या कितीतरी आधी कायद्याने त्याच्या नफ्याची चौकट आखली होती.

अमेरिकेतल्या टेक्सास राज्यातली एन्रॉन ही कंपनी १९९२ च्या जूनमध्ये मुंबईत आली आणि थोड्याच दिवसांत, २० जून १९९२ ला, महाराष्ट्र राज्य वीज मंडळाशी तिचा सामंजस्य करार झाला. निविदा काढल्या नव्हत्या. दुसऱ्या कुणाला भाव विचारला नव्हता. आपल्याकडे शाळेला चार पंखे घ्यायचे तरी तीन दरपत्रकं जोडावी लागतात हे मी वर्गात सांगितलं तेव्हा मुलं हसली. शिक्षकांना मात्र हसू येणार नाही, कारण ती दरपत्रकं गोळा करायला आपणच फिरतो.

१९९३ मध्ये जागतिक बँकेकडे या प्रकल्पासाठी कर्जाचा विचार झाला. बँकेने नकार दिला. एवढी मोठी आणि महाग वीज या राज्याच्या गरजेत बसत नाही, ती स्वस्त कोळशाच्या विजेला बाजूला सारेल, असा त्यांचा सूर होता. तरीही ८ डिसेंबर १९९३ रोजी वीजखरेदी करार झाला. तेव्हा शरद पवार मुख्यमंत्री होते. दाभोळ पॉवर कंपनीत एन्रॉनचा वाटा ८० टक्के, जनरल इलेक्ट्रिक आणि बेक्टेल या दोन अमेरिकी कंपन्यांचा प्रत्येकी १० टक्के. पहिला टप्पा ६९५ मेगावॅट, दुसरा धरून २०१५, आणि मुदत २० वर्षं.

आता खरा धडा इथे आहे, आणि मी दोन तास यावरच घालवले. वीजखरेदी करारात दराचे दोन भाग असतात. एक, वीज प्रत्यक्ष घेतली तर इंधनाचा खर्च. दुसरा, क्षमतेचा आकार. प्रकल्प चालवायला तयार आहे एवढ्यावर हा दुसरा भाग द्यावा लागतो, वीज घ्या किंवा घेऊ नका. मुलांना मी सहलीच्या गाडीचं उदाहरण दिलं. गाडीचं भाडं ६००० रुपये. ४० मुलं आली तर प्रत्येकी १५० रुपये. आदल्या दिवशी पाऊस लागला आणि १५ च मुलं आली तर? मुलांनी भागाकार केला, ४००. गाडीवाल्याने भाव वाढवला का? नाही. गाडी तीच, भाडं तेच. डोकी कमी झाली म्हणून दर वाढला.

दाभोळच्या बाबतीत हेच घडलं. पहिला टप्पा मे १९९९ मध्ये सुरू झाला. वायूची सोय झाली नव्हती, म्हणून नाफ्थ्यावर चालवला. २००० साली तेलाचे भाव चढले, नाफ्था महागला. मंडळाला ही वीज परवडेना, म्हणून मंडळाने कमी घ्यायला सुरुवात केली. कमी घेतली की ठरलेला आकार थोड्या युनिटांवर विभागला जाणार, म्हणजे दर आणखी वर. त्या वर्षी काही महिन्यांत हिशेब युनिटमागे ७ रुपयांच्या वर गेला. महाग म्हणून कमी घ्या, कमी घेतली म्हणून आणखी महाग. मुलांना हे चक्र फळ्यावर काढून दाखवलं की ती ते विसरत नाहीत.

त्यात डॉलर. करारातली देणी मोठ्या प्रमाणात डॉलरशी बांधलेली होती. १९९३ मध्ये डॉलर साधारण ३१ रुपयांना होता, २००१ मध्ये साधारण ४७ ला. सोपं गणित द्या: १०० डॉलर द्यायचे असतील तर तेव्हा ३१०० रुपये, नंतर ४७००. अमेरिकेत एक सेंटही वाढलेला नाही आणि इथे बिल दीडपट. शेकडेवारीचं असं उदाहरण स्वाध्यायात सापडणार नाही.

पुढचा शब्द आहे जामीन. परदेशी कंपनीला आणि तिला कर्ज देणाऱ्या बँकांना वीज मंडळाचा भरवसा नव्हता. मंडळ आधीच थकबाकी, गळती आणि वीजचोरीने वाकलेलं. म्हणून मंडळाने पैसे दिले नाहीत तर राज्य सरकार देईल, अशी हमी १९९४ मध्ये राज्याने दिली. आणि राज्याने दिले नाहीत तर केंद्र देईल, अशी प्रतिहमी केंद्राने दिली. आपल्या पतपेढीत आपण प्रत्येक जण कधी ना कधी कुणाला जामीन राहिलेलो आहोत, आणि मूळ कर्जदाराने हात वर केल्यावर पगारातून कपात कुणाची होते हेही जाणतो. जामिनाला जामीन, अशी ही साखळी होती. तिच्या शेवटी करदाता उभा होता, पण सही करताना त्याला कुणी विचारलं नव्हतं. करार बराच काळ लोकांसमोर आलाच नव्हता.

एक छोटी गोष्ट जाता जाता. १९९५ च्या सुरुवातीला कंपनीच्या एका अधिकारी बाईंनी अमेरिकी संसदेच्या समितीसमोर सांगितलं, की भारतात लोकांना समजावण्याच्या, 'शिक्षणा'च्या आणि प्रकल्प उभारणीच्या कामावर कंपनीने सुमारे २ कोटी डॉलर खर्च केले. इथे या वाक्यावरून गदारोळ झाला. लाच दिली असे आरोप झाले, न्यायालयात ते सिद्ध झाले नाहीत. वर्गात मी हे दोन्ही सांगते. पण शिक्षण या शब्दाचा असा वापर पाहून एक डी.एड. झालेली बाई म्हणून मला जे वाटलं, ते इथे लिहीत नाही.

आता राजकारण. ह्या भागात वर्गात फार सांभाळून बोलावं लागतं. मुलांच्या घरात कुणी या पक्षाचं, कुणी त्या पक्षाचं. एका पालकांचा मला फोन आलाच, "बाई, तुम्ही राजकारण शिकवताय का?" मी त्यांना म्हटलं, "दादा, तारखा शिकवतेय. तुम्ही वही तपासा." सरकारांची क्रमवारी नुसती तारखांसह मांडली तर कुठल्याच पक्षाच्या माणसाला तक्रारीला जागा उरत नाही, कारण जवळपास सगळ्यांचीच सही कुठे ना कुठे आहे.

मार्च १९९५ मध्ये राज्यात शिवसेना-भाजप युतीचं सरकार आलं. प्रचारात एन्रॉन अरबी समुद्रात बुडवू असं सांगितलं गेलं होतं. मनोहर जोशी मुख्यमंत्री, गोपीनाथ मुंडे उपमुख्यमंत्री. मुंडे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने करार तपासला आणि ३ ऑगस्ट १९९५ रोजी सरकारने प्रकल्प रद्द केल्याचं जाहीर केलं. कंपनीने लंडनमध्ये लवादाकडे दावा लावला. गुहागरच्या जमिनीवरचं भांडण, आणि पंच बसणार लंडनला! का? कारण करारात तसं लिहिलेलं होतं. मुलांना हे सांगताना मी थांबते आणि विचारते, "मग करार वाचायचा कधी? सही करण्याआधी की भांडण झाल्यावर?"

त्यानंतर काय झालं? नोव्हेंबर १९९५ मध्ये कंपनीच्या प्रमुख रिबेका मार्क मुंबईत येऊन बाळासाहेब ठाकरे यांना भेटल्या, फेरवाटाघाटीसाठी तज्ज्ञगट नेमला गेला, दोनेक आठवड्यांत त्याचं काम उरकलं आणि जानेवारी १९९६ मध्ये सरकारने नवा मसुदा मान्य केला. दर कमी झाल्याचं सांगण्यात आलं. पण आधीच्या करारात दुसरा टप्पा घ्यायचा की नाही हे मंडळाच्या मर्जीवर होतं. नव्या करारात दोन्ही टप्पे बांधील झाले, आणि एकूण क्षमता २१८४ मेगावॅटवर गेली. समुद्रात बुडवायला निघालेली गोष्ट तिप्पट होऊन परत आली. केंद्राची प्रतिहमी नव्या कराराला मे १९९६ मध्ये मिळाली, वाजपेयींचं १३ दिवसांचं सरकार राजीनामा देण्याच्या अगदी तोंडावर असताना. आणि २००१ मध्ये करार मोडला तो काँग्रेस-राष्ट्रवादीच्या सरकारच्या काळात.

या सगळ्यात आकडे कुणी तपासले? पुण्याच्या प्रयास या छोट्या संस्थेतल्या गिरीश संत, शंतनू दीक्षित, सुबोध वागळे या मंडळींनी १९९५ मध्येच कराराचा तांत्रिक आणि आर्थिक हिशेब मांडला होता. त्यांनी घोषणा दिल्या नाहीत, भागाकार आणि टक्केवारी मांडली. हे मी मुद्दाम सांगते, कारण 'गणित शिकून काय करायचं' असं विचारणारा एक तरी मुलगा दर वर्षी असतोच. कामगार संघटना न्यायालयात गेल्या, खटले चालले. एक प्रकरण तर सर्वोच्च न्यायालयात रेंगाळत २०१९ मध्ये बंद झालं. तोवर मूळ कंपनी बुडून १७ वर्षं उलटली होती.

गावाचं काय? इथे मी शिकवायचं थांबवून ऐकायचं ठरवलं होतं. अंजनवेल, वेलदूर, रानवी, कातळवाडी या गावांनी आंदोलन केलं. आंबा-काजूच्या बागा, मासेमारी, पिण्याचं पाणी यांची भीती होती. लाठ्या खाल्ल्या, तुरुंगात गेले. त्यात बायका मोठ्या संख्येने होत्या. ह्युमन राइट्स वॉच या संस्थेने जानेवारी १९९९ मध्ये यावर सविस्तर अहवाल काढला. बंदोबस्ताच्या पोलिसांचा खर्च कंपनी देत होती, हेही त्यात आहे. ही माहिती मी वर्गात दिली. दुसऱ्या दिवशी एका मुलीची आई शाळेत आली. मला वाटलं आता ही बाई माझं कौतुक करणार. ती म्हणाली, "बाई, तुम्ही बाहेरच्या. कंपनी होती तेव्हा माझ्या वडलांना तिथं काम होतं. घरात पहिल्यांदा महिन्याच्या महिन्याला पगार यायला लागला. कंपनी बंद झाली, ते परत मुंबईला गेले गोदीत. माझं शिक्षण नववीत सुटलं. हे पण सांगा पोरांना."

मला उत्तर सुचलं नाही. त्यांना बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं. मी पाठ तयार करताना कंपनी, सरकार, आंदोलक आणि ग्राहक अशी चार पात्रं धरली होती. पाचवं पात्र माझ्यासमोर बसलेलं होतं आणि त्याला माझ्या टाचणात जागा नव्हती.

२००१ चं वर्ष महत्त्वाचं. जानेवारीत मंडळाची देणी थकली, कंपनीने राज्याच्या हमीवर आणि फेब्रुवारीत केंद्राच्या प्रतिहमीवर बोट ठेवलं. माधव गोडबोले यांच्या समितीने एप्रिलमध्ये अहवाल दिला आणि निर्णय कसे घेतले गेले यावर कडक शब्दांत लिहिलं. मेमध्ये मंडळाने करार रद्द केला, वीज घेणं थांबलं, प्रकल्प बंद पडला. दुसरा टप्पा तेव्हा जवळपास बांधून होत आला होता. २ डिसेंबर २००१ रोजी अमेरिकेत एन्रॉनने दिवाळखोरी जाहीर केली, तिकडच्या हिशेबातल्या घोटाळ्यांमुळे. म्हणजे करार करणारी कंपनीच राहिली नाही. सुमारे ३ अब्ज डॉलरचा प्रकल्प, जो देशातली तेव्हाची सर्वांत मोठी परदेशी गुंतवणूक म्हणून मिरवला गेला, तो खाऱ्या वाऱ्यात गंजत उभा राहिला. आणि या 'परदेशी' गुंतवणुकीत आपल्याच आयडीबीआय, स्टेट बँक, आयसीआयसीआय यांचं कर्ज मोठं होतं. बँकांतला पैसा म्हणजे तुमच्या-माझ्या ठेवी.

मग मी गोडबोले समितीवर आणि दिवाळखोरीवर थांबत नाही. माझ्या चिमणीच्या उजेडापर्यंत येते. दाभोळची एवढी वीज येणार म्हणून नव्वदच्या दशकात राज्यात दुसरे मोठे प्रकल्प फारसे हाती घेतले गेले नाहीत. दाभोळ बंद पडला. मागणी वाढतच होती. २००५ च्या सुमारास राज्यात हजारो मेगावॅटचा तुटवडा होता आणि त्याचा मोठा भार खेड्यांवर पडला. गळती, चोरी, थकबाकी ही कारणंही होती, सगळं एका प्रकल्पावर ढकलणं खोटं ठरेल. पण वाईट करार फक्त बिलात दिसतो असं नाही. तो मोडल्यानंतरची पाच वर्षं कुणाच्या तरी दहावीच्या अभ्यासात दिसतो. मी वर्गात हे सांगितलं तेव्हा मागच्या बाकावरून आवाज आला, "म्हणजे बाई, करार केला तरी तोटा, मोडला तरी तोटा?" हो. हे उत्तर मी त्याला दिलं आणि फळ्यावर लिहिलंही.

नंतरचं थोडक्यात. २००५ मध्ये केंद्र सरकार, एनटीपीसी, गेल आणि बँका यांनी मिळून रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही कंपनी काढली, अमेरिकी कंपन्यांशी तडजोडी झाल्या, २००६ मध्ये प्रकल्प पुन्हा सुरू झाला. २०१३ च्या शेवटी वायू मिळेना म्हणून परत बंद. २०१५ मध्ये रेल्वेला वीज द्यायला परत सुरू. आजही तिथे काय चालू, काय बंद याची चर्चा आमच्या नाक्यावर असते.

कायदा यातून काही शिकला का, हा प्रश्न पालकांसाठी महत्त्वाचा आहे. १९९८ च्या कायद्यानंतर राज्य वीज नियामक आयोग आला. दर ठरवणं मंत्रालयातून निघून आयोगाकडे गेलं. दरवाढीच्या प्रस्तावावर जाहीर सुनावणी होते, कोणीही नागरिक लेखी हरकत घेऊ शकतो. २००३ च्या वीज कायद्याने स्पर्धात्मक बोलीने दर ठरवायची वाट मोकळी केली. वीज मंडळाचे २००५ मध्ये निर्मिती, पारेषण, वितरण असे भाग झाले. वीज हा विषय संविधानाच्या समवर्ती सूचीत आहे, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघेही त्यावर कायदा करू शकतात. ही सूची पुढच्या वर्गात येते, तेव्हा दाभोळचं उदाहरण द्या, मुलांना ती पाठ करावी लागणार नाही.

पण ओढाताण संपलेली नाही. आंध्र प्रदेशात २०१९ मध्ये नवं सरकार आलं आणि आधीच्या सरकारने केलेले सौर-पवन विजेचे करार महाग आहेत म्हणून दर बदलायला निघालं. कंपन्या न्यायालयात गेल्या. २०२२ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने करारातलेच दर द्या असं सांगितलं. इंधन बदललं, सूर्य काही डॉलरमध्ये बिल लावत नाही, पण कागद, सही, निवडणूक आणि न्यायालय हा खेळ तोच. माझं स्वतःचं मत विचाराल तर निवडून आलेल्या सरकारने करार मोडायची भाषा करण्यापेक्षा करार होतानाच तो लोकांपुढे ठेवण्याची सवय लावावी. कुणाला हे मत भाबडं वाटेल, वाटू द्या.

वर्गात शेवटी आम्ही नाट्यीकरण केलं. कंपनी, वीज मंडळ, मुख्यमंत्री, केंद्र सरकार, बँक, गावकरी, ग्राहक अशा चिठ्ठ्या टाकल्या. टेबलावर एक कोरा कागद, त्यावर सगळ्यांनी मिळून करार लिहायचा. वीस मिनिटांत भांडण जुंपलं. कंपनी झालेली मुलगी हुशार निघाली. ती म्हणाली, "मला हमी नाही तर मी दुसऱ्या राज्यात जाते." मुख्यमंत्री झालेला मुलगा गडबडला आणि म्हणाला, "थांब थांब, देतो." सगळा वर्ग हसला. मोठ्यांच्या वाटाघाटी याहून फार वेगळ्या झाल्या असतील असं मला वाटत नाही. कुलूपबंद घराचं बिल आणणारा मुलगा ग्राहक झाला होता. त्याने एकच अट लिहून घ्यायला लावली: "घेतली नाही तर अर्धेच पैसे." कंपनी तयार होईना. मग बँकेने कंपनीला विचारलं, "अर्ध्यात तुझा हप्ता भागेल का?" आणि दोघींनी खरोखर वही काढून हिशेब मांडला. तास संपला तेव्हा करार अपुराच होता. मी तो तसाच भिंतीवर लावून ठेवलाय.

तुम्हाला हा पाठ घ्यायचा असेल तर तीन-चार गोष्टी सांगते. बिलं आणायला सांगताना रक्कम वर्गात मोठ्याने वाचू नका, काही घरांची थकबाकी असते, मुलं शरमतात. मीही पहिल्या दिवशी ही चूक केली. आकडे कमी द्या, भागाकार जास्त करून घ्या. तुमच्या जिल्ह्यात धरण, कोळशाची खाण, पवनचक्क्या, सोलर पार्क काहीतरी असेलच. गुहागर सोडा आणि तेच घ्या. आणि तिथे काम केलेल्या माणसाला वर्गात बोलवा, त्याची बाजू तुमच्या टाचणात बसत नसली तरी.

त्या मुलीच्या आईला मी पुढच्या दप्तराविना शनिवारी यायला सांगितलंय. आधी नाही म्हणाल्या, "मला कुठं बोलता येतंय." मग जाताना दारात थांबून विचारलं, "वडलांचा कंपनीचा बिल्ला अजून आहे घरात, आणू का?" मी म्हटलं, जरूर आणा.